तेहतीस आणि एक तृतीयांश

मंगळवार बाजारात, गंजक्या तोट्या
आणि जोडीदार हरवलेल्या चपलांच्या पलीकडं
महिबूबनं पोत्यावर टर्नटेबल मांडला होता.
झाकणाला तडा, सुई शाबूत,
आतला पट्टा वितळून डांबर झालेला.
"चालतंय का?"
"फिरतंय की बे. चालायला त्याला पाय हैत का?"
हे मी त्याच्या ओठांवरनं वाचलं.
साडेसातशे रुपये. वर पाच तबकड्या फुकट,
त्यातली एक उन्हानं पापडासारखी वाकलेली.

घरी आणून पालथा घातला.
सगळी ओळखीचीच मंडळी निघाली: मोटर, पुली, स्प्रिंग.
छत्तीस वर्षं जॉबर होतो मी, अक्कलकोट रोडच्या शेडमधे.
माग आजारी पडला की मला बोलावणं यायचं
बोटांच्या खुणेनं, कारण हाक तिथं
हाक मारणाऱ्यालाही ऐकू यायची नाही.

सायकलची ट्यूब कापून पट्टा केला.
जाड झाला. गाणारी बाई
डुलत डुलत, भिंतीला धरून चालल्यासारखी गायली.
दुसरा पातळ केला, तुटला.
तिसरा स्टोव्हवाल्या काशिनाथच्या डब्यात सापडला,
कशाचा होता ते त्यालाही माहीत नाही.

मग वेग.
तबकडीच्या काठाला खडूची खूण केली
आणि घड्याळ मांडीवर ठेवून मोजत बसलो.
मिनिटाला तेहतीस फेरे, वर एक तृतीयांश.
मागाचं सरळ असतं, एकशे वीस पिक म्हणजे एकशे वीस.
हा उरलेला तुकडा कुणी आणि का ठेवला असेल?
तीन मिनिटं मोजलं तेव्हा कळलं,
शंभर भरतात.
एवढा धीर धरायचा फक्त.

जॅकार्डच्या पुठ्ठ्यात मोर नुसता भोकांचा असायचा,
चादरीवर उतरेपर्यंत त्याला मोर म्हणायची सोय नाही.
इथं तसंच. उजेडात तिरकी धरली
तर काळ्यावर काळ्या रेघा,
आणि त्यात कुठंतरी बाई श्वास घेते.

श्रीनिवास पुण्याहून आला, दोन मिनिटं ऐकलं,
कानावर हात ठेवले:
"अप्पा, किती खरखर! कसं सहन करता?"
"कसली खरखर?"
मी खरंच विचारलं होतं.

डॉक्टरनं कागदावर उतरती रेघ काढून दाखवली होती.
जाड आवाज आहेत, बारीक गेले,
पाखरं, शिट्ट्या, नातीचं कुजबुजणं.
तर पन्नास वर्षांच्या धुळीनं
या तबकड्यांवर जे काय केलंय
ते सगळं नेमकं त्या पट्टीत बसतं
जी मी शेडमधे ठेवून आलो.
माझ्यापाशी पोचते ती नुसती बाई,
धुतलेल्या काचेपलीकडं उभी.
एवढी स्वच्छ ती
नव्या तबकडीवर तरी कुणाला ऐकू आली असेल का?

हसू आलं मला. एकट्यालाच.
श्रीनिवासला सांगितलं नाही,
तो लगेच मशीन घेऊन देतो म्हणाला असता, कानातलं.

परवा दुपारी बेचाळीस डिग्री, पंखा गेलेला नव्हता एवढंच.
लेबल निघालेली तेलुगू तबकडी लावली,
तळवा पेटीच्या लाकडावर ठेवून बसलो.
मधेच तळव्याला तोच धक्का परत लागला. परत. परत.
मागाचा धोटा अडकला की असंच व्हायचं.
मी उठणार, तेवढ्यात
समोर विड्या वळत बसलेल्या राजमणीनं
सुपातनं हात न काढता
टाचेनं शहाबादी फरशीवर एक ठोसा दिला.
सुई पुढं गेली.

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
पान कापलं, तंबाखू भरली, दोरा मारला,
पण तिचे ओठ हलत होते
आणि मी वाचले:
पुढची ओळ, सुईच्या जरा आधी.

बाजू संपली. सुई आतल्या वर्तुळात
ढप, ढप करत फिरत राहिली.
हा आवाज मला पुरा ऐकू येतो.
थोडा वेळ चालू दिला.